एप्रन असता तरी

मित्रांनो, एक्स-रेच्या खोलीत दारामागच्या स्टुलावर घडी करून टाकलेलं ते निळं, जड ओझं पाहिलंत? तोच मी, शिशाचा जुना एप्रन. माझी घडी घालू नये, आतलं शिसं तडकतं, असं भिंतीवर लिहिलंय. पण वाचतो कोण! घालणारा कुरकुरतो, काढणारा भिरकावतो. आता अंगाचा कणन् कण दुखतो.

तरुणपणी माझा थाट होता. एखाद्या गरोदर बाईच्या पोटावर मला ठेवलं की मी नुसता फुगून जायचो. एक्स-रेच्या किरणांपासून बाळं मीच वाचवतो, असा माझा पक्का समज होता.

एकदा एक सून खोकत खोकत आली. तिच्या छातीचा फोटो काढायचा होता. बाहेर ही रांग, आणि एक्स-रेवाले काका दमलेले. "दिवस गेलेत का?" हे विचारायचंच राहिलं. तिला तरी कुठे ठाऊक होतं! मी स्टुलावरच पडून होतो.

काही आठवड्यांनी ती सासूबाईंबरोबर परत आली, तेव्हा डॉक्टरीणबाई खोलीतच होत्या. रडून रडून डोळे सुजले होते.

"डॉक्टर, फोटो काढला तेव्हा हिला दिवस गेले होते हो," सासूबाई म्हणाल्या. "तो एप्रनसुद्धा घातला नव्हता. बाळात व्यंग निघालं तर? घरात सगळे म्हणतायत, आत्ताच पाडून मोकळी हो."

"मला हवंय हो ते," सून एवढंच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना बसवलं. "किरणं छातीवर पडली. पोटापर्यंत पोचली ती नावापुरती. नऊ महिन्यांत माती-आभाळातून आपोआप जेवढी मिळतात, त्यापुढे ही काहीच नाहीत. एप्रन असता तरी फारसा फरक पडला नसता. एवढ्यासाठी बाळ पाडायचं नाही." मग त्या काकांना म्हणाल्या, "पण विचारायला हवं होतं. पोटाचा फोटो असता, तर आधी नीट विचार करावा लागला असता."

"उगाच पोरीचा जीव टांगणीला लावला आम्ही," म्हणत सासूबाईच रडायला लागल्या.

फरक पडला नसता! मित्रांनो, जन्मभर भार वाहिला आणि शेवटी हे ऐकलं. त्या दिवशी मी फार थकलो. पण खोटं कशाला बोलू, हायसंही वाटलं.

परवा ती पुन्हा आली, कडेवर पोर घेऊन. पोर पडून त्याचा हात सुजला होता, आणि फोटोसाठी त्याला धरायला कुणीतरी हवं होतं.

"ताई, दिवस गेलेत का?" काकांनी आधी विचारलं.

"नाही हो काका, असते तर दारातच सांगितलं असतं," ती हसली. मग मी तिच्या अंगावर चढलो.

तेव्हा मित्रांनो, घरातल्या मोठ्यांना एवढं सांगा. शंका असेल तर फोटोआधी बोला. बोलायचं राहिलंच, तर घाबरून काही ठरवण्याआधी डॉक्टरांना गाठा. आणि जमलं तर मला खुंटीला टांगा.

ते पोर भोकाड पसरून माझ्या दुखऱ्या अंगावर लाथा झाडत होतं. झाड बाबा, हव्या तेवढ्या झाड.