कपाटात भरलेला आवाज

मित्रांनो, मुठीत मावेल एवढा मी एक जुना रेकॉर्डर आहे. बटणांवरची चित्रं पुसली गेलीत, पाठीचं झाकण रबर लावून धरलंय. हसू नका. ऐन उमेदीत मीही दुकानाच्या काचेत बसून रुबाब केलाय.

तिथून मला बसस्थानकातल्या लोकांनी उचललं, चकचकीत कागदात गुंडाळलं आणि निरोपाच्या दिवशी फलाटकाकांच्या हातात ठेवलं. फलाटकाका म्हणजे तिथले घोषणा करणारे. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, हे सगळं गाव त्यांच्या तोंडून ऐकायचं. आता त्यांच्या जागी यंत्र आलं होतं. आवाज आधीच भरून ठेवलेला, बटण दाबलं की बोलतो. आणि भेट काय, तर रेकॉर्डर! ज्यानं पोटावर पाय दिला, त्याचाच चुलतभाऊ हातात. काका म्हणाले, "छान आहे हो, छान आहे." मला मात्र कागदातून बाहेरच पडू नये असं झालं.

घरी काकू म्हणाल्या, "अहो, आवाज काही त्यांनी ठेवून घेतला नाही ना? जाहिरातींच्या मागे, बातम्यांच्या मागे कोणीतरी बोलतंच की. जा, ओळखी काढा."

"म्हणजे दारोदार फिरू?"

"मग दारं काय तुमच्याकडे चालत येणार?"

झालं. काका कपड्यांच्या कपाटात शिरायला लागले. आवाज घुमू नये म्हणून डोक्यावर रजई घ्यायची, मला तोंडासमोर धरायचं आणि वाचायचं. साबण, सिमेंट, शिकवणी. बाहेर येताना माणूस घामानं निथळलेला.

मग मला खिशात घालून वणवण. रेडिओवाल्यांच्या दारातच पहारेकऱ्यानं विचारलं, "कोणी बोलावलंय?" कोणीच बोलावलं नव्हतं. जाहिरातींच्या स्टुडिओतला माणूस फोनवरून मान वर न करता म्हणाला, "कळवू." खुर्ची कुठेच नाही. काका उभ्या उभ्या बोलायचे, वाक्य अर्धंच सोडायचे, आणि खिशात मला त्यांच्या काळजाची धडधड ऐकू यायची. शेवटी वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या एका मुलीला दया आली. "काका, केबल चॅनेलच्या मॅडमना भेटा. मी पाठवलंय म्हणा."

त्या दिवशी काकांनी नवा शर्ट घातला. मला नव्या बॅटऱ्या.

चॅनेलची खोली इवलीशी. मॅडम, कॅमेरावाला आणि हिशेबनीस, तिघांचे डबे उघडलेले. मॅडम म्हणाल्या, "ऐकवा की इथेच."

काकांनी मला टेबलावर ठेवून बटण दाबलं. मी खणखणीत बोललो, "गृहिणींनी कृपया लक्ष द्यावे! शुभ्रतेसाठी नवा साबण बाजारात येत आहे!"

कॅमेरावाला फिसकन हसला. "काका, साबण येतोय की गाडी?"

तेवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. पण आदल्या दिवशी कपाटात साबणाचं वाचून झाल्यावर काका मला बंद करायला विसरले होते. मी पुढे बोलतच राहिलो.

"मॅडम, काही काम असेल तर... छे, 'असेल तर' नको. मॅडम, मला काम द्या. हे तर भीक मागितल्यासारखं झालं."

मागून काकूंचा आवाज, "अहो, बाहेर या, चहा निवला."

"लाज वाटते गं. इतकी वर्षं माझ्या आवाजावर गाड्या सुटल्या. आता काम मागायचं तर माझाच आवाज फुटत नाही."

काका झडप घालून माझी बटणं दाबायला लागले. कपाटातल्या घामानं चित्रं तेव्हाच पुसलेली. बंद करायला गेले आणि आवाज मोठा झाला! शेवटचं वाक्य अख्ख्या खोलीत दणाणलं. मित्रांनो, बॅटऱ्या नव्या नसत्या तर मी तिथेच जीव सोडला असता.

कोणीच हसेना. काका लालबुंद. मला खिशात कोंबत म्हणाले, "माफ करा, फार त्रास दिला. येतो मी."

"काका, बसा," मॅडम म्हणाल्या. कॅमेरावाल्यानं उठून आपली खुर्ची पुढे सरकवली. "हे आत्ता जसं बोललात ना, तसं बोलणारं माणूस मला मिळत नाहीये. पाणी येणार नाही, वीज जाणार आहे, हे आमची पोरं लग्न ठरल्यासारखं सांगतात. लोक फोन करून शिव्या घालतात. हे वाचा बरं."

काकांनी कागद धरला. आवाज चिरकलेलाच होता. "उद्या पाणी येणार नाही. तुमचे हाल होणार आहेत. माफ करा."

हिशेबनीस पटकन म्हणाला, "मॅडम, मी घरी सांगतो, बादल्या भरून ठेवा म्हणून."

काम मिळालं. काकू अजून चिडवतात, "इतकं ओशाळून सांगता, जसं काही तुम्हीच नळ बंद केलाय!"

आता काका चॅनेलच्या मोठ्या माइकसमोर बोलतात आणि मी रजईच्या घडीत पडून आहे. बॅटऱ्या आतच राहिल्या, फुटल्या, अंग गंजलं. तेव्हा मित्रांनो, आमच्यासारख्यांना ठेवून देताना आधी बॅटऱ्या काढा. आणि दारात कोणी काम मागायला आलं, तर नाही म्हणायचं असलं तर म्हणा, पण आधी खुर्ची द्या. तो माणूस घरून किती वेळा बोलून बघून आलाय, ते मला माहीत आहे. माझ्या पोटात ते अजून तसंच आहे.