मलप्पाची शिडाची बोट

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं शिवमूर्तीअण्णांना म्हणता आलं नसतं. ते राहून गेलं नव्हतं. रोज सकाळी द्यायचं ठरायचं आणि दुपारपर्यंत मोडायचं.

पत्र कारवारहून आलं होतं, मागच्या दिवाळीच्या सुमाराला. धाकटा भाऊ मलप्पा आरमारातून निवृत्त होऊन तिकडंच राहिला होता. अण्णांना फोनवर बोलणं जमत नाही, दोन वाक्यांतच ‘बरं, ठेवतो’ म्हणतात, हे त्याला ठाऊक. म्हणून कामाचं काही असलं की तो कागदावर लिहायचा.

‘अण्णा, जन्मभर सरकारी जहाजावर इंजिनाच्या जोरावर फिरलो. आता वाऱ्याच्या जोरावर जायचंय. कारवारहून मालदीव, तिथून पुढं सेशेल्स. शिडाच्या दोन बोटी बघून ठेवल्यात. एक पांढरी, हलकी, रुंद. तळाला सुरीच्या पात्यासारखा अरुंद कणा. वारा लागला की नुसती पळते. दुसरी जुनी, पोलादाची, जड. तळाचा कणा लांबलचक. चालीला मंद, आत दोन माणसं वावरली तर एकमेकांच्या पायांवर पाय. मला समुद्राची पुस्तकं तू आणून दिलीस, तर बोटही तूच सांग. मात्र लवकर सांग. तुझं उत्तर येईस्तोवर पोलादाची गंजून जाईल.’

अण्णांची सगळी नोकरी नांदेडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली गोदावरी, आणि तीही पुलावरून. तरी ते हौसेनं कामाला लागले. जुन्या ओळखीवर पुस्तकं मागवली. एक पुस्तक म्हणे, हलकी बोट वादळाच्या आधी निसटून जाते. दुसरं म्हणे, लांबच्या पल्ल्यावर वादळ गाठणारच, तिथं जड बोटच माणसाला सांभाळते. वाचावं तितका गुंता वाढला. कच्चं पत्र लिहायचे, शेवटी ‘तरी जाणकारांना विचारावे’ असं घालायचे आणि स्वतःचीच लाज वाटून फाडायचे. आपण एक बोट म्हणावी आणि तिनंच पोराला बुडवावं, ही धास्ती. पोर साठी ओलांडून गेलं होतं, ती गोष्ट वेगळी.

खरं सांगायचं तर उत्तर त्यांना पहिल्याच दिवशी सुचलं होतं. अप्पांची, म्हणजे वडिलांची, आठवण आली होती. हाळीच्या बैलबाजारात लोक बैल पळवून बघायचे, शिंगं बघायचे, दात मोजायचे. अप्पा बांधाला टेकून तंबाखू मळत बसायचे. दोन्ही पोरं कंटाळून जायची. बैल आपणहून खाली बसेपर्यंत अप्पा हलायचे नाहीत. ‘चालताना समदेच चांगले दिसतेत,’ ते म्हणायचे. ‘बसल्यावर उठतो कसा ते बघा. हिसडा न घेता, टेका न घेता उठला की न्यायचा.’

पण समुद्रावर जाणाऱ्या माणसाला बैलाची गोष्ट काय लिहायची? पुस्तकं वाचून माणूस शेवटी बाजारातच बसला, असं मलप्पा म्हणेल. अण्णांनी ती मनातच ठेवली.

शिमग्याच्या आसपास भावजयीचा, राजकन्याचा, फोन आला. मलप्पाचं उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. पुढं त्याला लातूरला लेकीच्या घरी आणलं. अण्णा एसटीनं गेले.

मलप्पा खिडकीशी पलंगावर होता. अण्णांना बघून त्याचे डोळे भरले. डाव्या हातानं त्यानं हवेत काहीतरी खरडल्यासारखं केलं. अण्णा गोंधळले. म्हणाले, “ऊन फार आहे यंदा.”

“ऊन सांगायला नांदेडहून आलाव व्हय, अण्णा?” राजकन्या पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली. “पत्र मागायलेत ते. तुमचं. पोस्टमनची गाडी वाजली की मान वळवतेत.”

अण्णांची मान खाली गेली.

“कोणती बोट ते सांगा, एवढंच विचारलं होतं की. पोलादवाला मालक रोज फोन करायचा. हे म्हणायचे, थांबा, अण्णाचं पत्र येऊ द्या. त्यानं विकली एका परदेशी माणसाला. मग पांढरी बी गेली.”

“मी लिहीत होतो,” अण्णा म्हणाले. “जमत नव्हतं.”

“मी वाईट म्हणून सांगत न्हाई. तुम्ही वेळेवर लिहिलं असतं, तर हे पाण्यात असताना पडले असते. मी तर म्हणते, तुमच्या आळसानं वाचवलं माझ्या माणसाला.” ती हसली. पण मलप्पा हसला नाही. तो तोंड फिरवून खिडकीकडं बघत राहिला. त्याला ते वाचणं हवं होतं की नको, हे अण्णांना त्या वळलेल्या मानेवरून कळेना. विचारायची हिंमतही झाली नाही.

थोड्या वेळानं मलप्पानं उठून बसायची खटपट केली. डावा हात गादीत रोवला, खांदा उचलला, कपाळाची शीर फुगली, आणि तो घसरून परत आडवा झाला. पुन्हा रोवला. पुन्हा घसरला. अण्णा जागचे हलले नाहीत. राजकन्यानं काखेत हात घालून त्याला सवयीनं बसवलं, पाठीशी उशा लावल्या.

निघताना अण्णा दारात थांबले. “आत्ता जाऊन तोंडी सांगू का त्याला?”

“नका. पोस्टमननंच आणू द्या. तेवढ्यासाठी तर वाट बघतेत.” पदर सारखा करत ती म्हणाली, “आन् अण्णा, लवकर बरा हो, देव हाय, असलं लिहू नका. समदे तेच म्हणतेत. ते ऐकलं की डोळे मिटून घेतेत. जे विचारलंय तेवढंच लिहा.”

नांदेडला येऊन अण्णा कागद घेऊन बसले. पुस्तकं बाजूला सारली.

‘चि. मलप्पास अनेक आशीर्वाद. पोलादाची घे. पांढरी छान पळेल, पण लाटेनं आडवी केली तर तिचा भरवसा नाही. जड बोटीचं वजन खोल तळाला आहे. ती पडली तरी आपणहून उठेल. हाळीचा बाजार आठव.’

इथं लेखणी थांबली. ‘उठेल’ हा शब्द ते बघत राहिले. गादीत रोवलेला तो हात डोळ्यांपुढून हलेना. असल्या माणसाला हे लिहावं? त्यांनी खोडायला टोक टेकवलं. पण खोडलं तर उत्तरात उत्तरच उरत नव्हतं, आणि त्यानं खोटं विचारलं नव्हतं. त्यांनी शब्द तसाच ठेवला. खाली लिहिलं, ‘हे मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. तू हसशील म्हणून भ्यालो. आत जागा कमी आहे म्हणतोस, तर पाय लागले तरी मी कुरकुर करणार नाही.’

पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी पाकीट उलटून पाहिलं. “लातूरच की, काका. साधं टाका. तीन-चार दिवसांत जातंय.”

“नाही,” अण्णा म्हणाले. “लवकरातलं लवकर जाईल ते करा.”

बाईंनी पाकिटावर चिकटपट्टी लावली, शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं. अण्णा पावती हातात धरून त्या पोत्याकडं बघत उभे राहिले. मागचा माणूस म्हणाला, “काका, झालं की तुमचं.” तेव्हा ते बाजूला झाले.