लंबूची सीट

दोन म्हातारे जेवणाच्या टेबलाखाली शिरले होते. एकाचं फक्त बूड बाहेर दिसत होतं. दुसऱ्याचे पाय दारापर्यंत पोचले होते, कारण लंबू कुठल्याच टेबलाखाली पुरता मावला नसता.

"तिकडे नाही रे. तुझ्या गुडघ्याखाली बघ."

"गुडघा उचलायला सांगू नकोस. एकदा उचलला तर परत टेकायचा नाही."

टॉर्चचा उजेड फरशीवर फिरत होता. शोध चालला होता तो अंगठ्याच्या पेराएवढ्या एका प्लॅस्टिकच्या सीटचा. सीट टेबलाखाली नव्हतीच. ती खिडकीजवळच्या शिलाई मशीनशेजारी, बटणांच्या डब्यात होती, आणि डब्याच्या झाकणावर टेलरबाईचा हात होता.

टेलरबाई म्हणजे टेबलाखालच्या त्या बुडाच्या मालकाची बायको. गल्लीतल्या अर्ध्या लोकांच्या पँटी तिने आखूड केल्या होत्या आणि उरलेल्या अर्ध्यांच्या सैल. तिच्या नवऱ्याला अख्खा रस्ता 'कप्तान' म्हणायचा. जन्मभर त्याने मालाचा मोठा ट्रक चालवला. लंबू त्याचा जोडीदार, म्हणजे एकाच गाडीवरचा दुसरा ड्रायव्हर. एक चालवायचा तेव्हा दुसरा बाजूच्या सीटवर बसायचा, नाहीतर मागच्या बर्थवर झोपायचा.

"तू बघितलीस का गं कुठे?" कप्तानने खालूनच विचारलं.

"मला काय कळतंय तुमच्यातलं," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली. पहिल्या फटक्यात ओवला गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण तिच्या मनात तसलं काही नव्हतं. तिला बरं वाटत होतं.

ट्रकचं ते खोकं लेकीने दिलेलं. कप्तान निवृत्त झाला तेव्हा तिने लांबून पाठवलं होतं. आत सगळे सुटे भाग, ते जोडायचे आणि छोटा ट्रक करायचा. ते कपाटावर धूळ खात पडलं होतं ते बरं होतं. एक दिवस लंबू आला, त्याने उभ्याउभ्याच हात वर करून खोकं काढलं, आणि चष्मा कपाळावर सारून चित्र बघितलं.

"ही आपलीच गाडी की!"

"आपली कशी? हिला मागे झोपायची खोली कुठाय?"

आणि खरंच नव्हती. खोक्यातला ट्रक आखूड होता. सीटच्या मागे केबिन संपलेलं. एखादा शहाणा माणूस म्हणाला असता, असू दे, आहे तसा जोडू. कप्तान म्हणाला, "मग करू की."

झालं. दुसऱ्या दिवसापासून लंबू सकाळच्या चहाला हजर. चॅसी करवतीच्या पात्याने मधोमध कापली आणि दोन बोटं लांबीचा तुकडा घालून सांधली. प्लॅस्टिकच्या पत्र्याची झोपायची खोली केली. सांध्यांवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिश पेपरने घासली, परत भरली, परत घासली. भाजीला लांबीचा वास येऊ लागला. जेवणाचं टेबल गेलं ते गेलंच, घरातली माणसं मांडीवर ताट घेऊन जेवू लागली. एक आरसा साखरेच्या डब्यात सापडला. नवा कोरा बंपर मेणबत्तीवर धरून वाकवला, कारण खऱ्या गाडीचा गोदामाच्या भिंतीवर आपटून वाकला होता. तो कुणी आपटला यावरून दोघांची अजून भांडणं होती, आणि भांडताना दोघं इतके खूश असत की ऐकणाऱ्याने घर सोडून जावं.

टेलरबाई घर सोडून कुठे जाणार? ती मशीनवर बसून ऐकायची आणि जळायची. इतकी वर्षं नवरा महिन्यातून चार दिवस घरी असायचा, त्यातले दोन झोपून काढायचा. ड्रायव्हरच्या बायकांना असते ती भीती तिलाही होती. शर्ट धुवायला टाकण्याआधी ती हुंगून बघायची. बाई कधी सापडली नाही. सापडायचा तो लंबू. 'लंबू म्हणाला', 'लंबूला ते आवडत नाही', 'लंबूची पाठ धरली'. सवत असती तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. या सवतीला मिशा होत्या आणि ती चहात दोन चमचे साखर घेत होती.

निवृत्तीनंतर आपली पाळी, असं तिने मनाशी धरलं होतं. पाळी आली आणि नवरा पुन्हा गाडीत जाऊन बसला. फरक एवढाच की आता गाडी तिच्या टेबलावर होती.

एकदा तिने त्याची परीक्षा घेतली.

"अहो, आपल्या स्वयंपाकघराला पहिल्यांदा कुठला रंग होता हो?"

कप्तान ब्रश हातात धरून विचारात पडला. "होता ना काहीतरी. रंग होता."

त्याच माणसाने त्याच दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवरची चीर सुईने कोरली. चीर डावीकडे वर जाऊन वळते, असं लंबूने सांगताच म्हणाला, "वळत नाही, फुटते. तिला दोन फाटे होते."

तरी तिने हेही सोसलं असतं. तिचा तोल गेला तो पडद्यावरून.

"वहिनी, बर्थचा पडदा तेवढा शिवून द्या," लंबू म्हणाला, तेव्हा तिला एकदम हसूच फुटलं. कारण त्या बर्थचा खराखुरा पडदासुद्धा तिनेच शिवला होता, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, स्वतःच्या ड्रेसच्या उरलेल्या कापडाचा. हिरवा, वर पांढरी फुलं. तिने चिंध्यांचं गाठोडं उपसलं आणि तेच कापड शोधून काढलं. बोटभर पडद्याला सगळ्यात बारीक सुईने दुमड घातली, इस्त्री केली, आणि तळहातावर ठेवून नेऊन दिला.

"हा कुठला?" लंबू म्हणाला. "आपला तपकिरी होता."

"अगं, तो हिरवा होय!" कप्तानच्या डोक्यात प्रकाश पडला. "तो आठवड्याभरात काढला होता. त्याने काच पुसायचो आम्ही. काय पुसायचा! एक डाग राहायचा नाही." आणि हे त्याने इतक्या कौतुकाने सांगितलं की तिला रागवायलाही जागा ठेवली नाही. दोघं हसले. तीही हसली.

मग ते दोघं झोपायच्या खोलीला रंग मारायला बाल्कनीत गेले. टेबलावर वर्तमानपत्राच्या तुकड्यावर दोन सीटा वाळत होत्या. त्यातली एक कप्तानने कानशीने मुद्दाम मध्ये खोल केली होती. लंबूच्या वजनाने त्याची सीट खचली होती म्हणे. या माणसाला बायकोचा पडदा आठवत नव्हता, पण मित्राच्या बुडाचा खड्डा बरोबर आठवत होता. तिने चिमटा उचलला, ती सीट धरली, आणि बटणांच्या डब्यात टाकली. झाकण घट्ट लावलं.

आता टेबलाखालून आधी कप्तान निघाला, मग हप्त्याहप्त्याने लंबू. कप्तान खुर्चीत बसला तो खांदे पाडूनच. त्याला असा तिने फार कमी वेळा बघितला होता.

"राहू दे रे," लंबू म्हणाला. "मी पत्र्यावर बसेन."

"तुझ्या सीटशिवाय गाडी पुरी होत नाही," कप्तान म्हणाला. मग त्याने मान वळवून बायकोकडे बघितलं. "अगं, तू करून देशील एक? तुझ्या हाताला जमेल. आम्हाला नाही जमायचं."

घ्या! चोरलेली सीट डब्यात, आणि तीच सीट आता स्वतःच्या हाताने करा. पण इतक्या वर्षांत गाडीच्या बाबतीत त्याने तिला असं काही मागितलं नव्हतं. ती नाही म्हणू शकली नाही.

लंबूने तिसरी खुर्ची टेबलाशी ओढली. दुसऱ्या दिवसापासून ती तिथे बसू लागली. पुठ्ठ्याचा सांगाडा कापला. टाचण्यांच्या उशीतला स्पंज काढून त्यात भरला. कुणाच्या तरी बॅगेतून उरलेलं तपकिरी रेक्झिन वर ताणलं. काम असं जमून आलं की आपण कुणासाठी करतोय हे ती मधूनमधून विसरायची, आणि आठवलं की दोरा जास्तच ओढायची.

"खड्डा किती खोल घेऊ?" तिने लंबूला विचारलं. आवाजात व्हायचा तेवढा बोचरेपणा होताच.

"तुम्हाला माहीत आहे की, वहिनी. तुम्ही बसलायत तिच्यावर."

कप्तानने वर बघितलं. "ही? ही कधी बसली?"

"अरे, वहिनींचे वडील आजारी होते तेव्हा. आपण माल घेऊन त्याच बाजूला निघालो होतो ना?"

"बसने गेली होती ती." कप्तान तिच्याकडे वळला. "बसने गेली होतीस ना गं?"

"बस बंद होत्या," ती म्हणाली.

"मी माझी सीट दिली यांना आणि मागे घडी होऊन पडलो," लंबू सांगू लागला. "यांच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत वडिलांसाठी नवा शर्ट. घाट उतरताना तुम्ही ती पिशवी अशी दोन्ही हातांनी धरली होती, वहिनी. मी मागून बघत होतो."

"थांब, थांब." कप्तानचा चेहरा उजळला. "सिमेंटची खेप! डावा ब्रेक धरत नव्हता ती! ती खेप कशी विसरेन? अख्खा घाट पहिल्या गिअरवर उतरवला मी. तोंडातून शब्द काढला नाही. खाली आलो तेव्हा बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात."

"आणि बाजूला कोण होतं?" तिने विचारलं.

त्याने खरंच आठवून बघितलं. डोळे मिटले, हात समोर धरले, जणू चाक धरलंय. मग डोळे उघडले.

"लंबू," तो म्हणाला. "बाजूला लंबूच असायचा."

"मी मागे होतो रे."

कप्तानचा आवाज बारीक झाला. "ब्रेक धरत नव्हता गं. मी बाजूला बघितलंच नाही."

ते खरं होतं. हा माणूस तिच्याशी खोटं कधी बोलला नव्हता, तीच तर अडचण होती. त्या दिवशी सबंध घाट तो गप्प होता. माझ्या वडिलांच्या काळजीने गप्प आहे, असं तिला वाटलं होतं. घरी कितीदा भांडणं झाली, किती रात्री एकटीने काढल्या, प्रत्येक वेळी ती स्वतःला सांगायची की बोलता येत नाही याला, पण त्या घाटात हा माझ्यासोबत होता. तेवढ्या एका गप्प राहण्यावर तिने अर्धा संसार काढला होता. आणि तो ब्रेकचं बघत होता.

लंबूने मिशीवरून हात फिरवला.

"वहिनी, तो शर्ट झाला का हो नीट त्यांना? तेव्हा विचारायचं राहिलं."

हा प्रश्न तिला आजवर कुणीही विचारला नव्हता.

"झाला," ती म्हणाली. "जरा सैल झाला."

लंबूने मान हलवली. आजारी माणसाला शर्ट सैल का होतो हे त्याला कळलं होतं. तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तिला उलट जास्तच राग आला. नवरा त्याचा, गाडी त्याची, आणि तिच्या आयुष्यातला तो एक दिवस, तोही त्याच्याचकडे नीट ठेवलेला! आता याच्यावर जळायचं तरी कसं? जळायची सोयसुद्धा मेल्याने ठेवली नव्हती.

ती उठली. खिडकीशी जाऊन बटणांचा डबा उघडला, बोटांनी बटणं चाळली आणि करडी सीट आणून कप्तानपुढे ठेवली.

"ही घ्या. बटणांत गेली होती."

"बटणांत? बटणांत कशी गेली?"

लंबूने सीटकडे बघितलं, मग डब्याच्या त्या घट्ट झाकणाकडे, मग तिच्याकडे. तिने नजर खाली केली नाही.

"उडतात रे असले भाग," लंबू म्हणाला. "आरसा नाही का साखरेत सापडला?"

"हो, तेही खरंच." कप्तानने फुंकर मारून सीट साफ केली. तिचा खड्डा अंगठ्याने चाचपून बघितला, आणि त्याच्या तोंडावर असा आनंद पसरला की तिला तिकडे बघवेना. त्याने तळाला गोंदाचा थेंब लावला आणि सीट चिमट्याने केबिनमध्ये उतरवू लागला.

लंबूने रेक्झिनची सीट तळहातावर घेतली. कडेचे टाके इतके बारीक होते की ते बघायला त्याला चष्मा डोळ्यांवर आणावा लागला.

"आणि ही? ही वहिनींची सीट कुठे लावायची?"

"गाडीला सीटा दोनच," कप्तान म्हणाला. त्याचा डोळा चिमट्याच्या टोकावर होता आणि हात जराही हलत नव्हता.

लंबू काहीतरी बोलायला गेला. तिने मान हलवून त्याला गप्प केलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "दोनच."

तिने लंबूच्या हातातून सीट घेतली आणि मशीनपाशी येऊन डब्यात ठेवली. सीट जरा उंच होती, झाकण बसेना. तिने कोटाची मोठी बटणं बोटाने एका बाजूला सारली, मध्ये जागा केली, सीट नीट बसवली, आणि झाकण लावलं.