जास्वंदीची चौथी काडी

अनसूयाबाईंनी कात्री चालवली आणि जास्वंदीची पुरुषभर फांदी थेट कुंपणापलीकडे उभ्या मुरलीधररावांच्या पायाशी पडली. खिडकी झाकून छताला भिडलेलं झाड अर्ध्या तासात कमरेएवढं झालं. हात तरी काय बाईंचा! बाहेरच्या अंगाचा कोंबाचा डोळा हेरायचा, त्याच्या जरा वर तिरका काप द्यायचा, की पुढची फांदी. सत्तरी उलटली, पण एकही काप दुसऱ्यांदा द्यावा लागत नव्हता. सगळ्या गोरखपूर मोहल्ल्यात असा हात शोधून सापडायचा नाही.

“वहिनी, एवढं छाटलं! मरेल ना जी हे.”

“काही मरत नाही. होळीनंतर बघा, कसं फुटते ते.” आपल्या बाजूला पडलेल्या एका फांदीतून पेन्सिलीएवढी जाड काडी त्यांनी वीतभर कापली, पानं काढली आणि पुढे धरली. “घ्या, जयासाठी.”

मुरलीधरराव मागे सरकले. “नको. तीन नेल्या, तिन्ही वाळल्या. माझ्या हाताला यशच नाही.”

जया त्यांची बायको. दिवाळीत न्हाणीत घसरून तिचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणत, चालता येईल. पण ती आता आपण होऊन वॉकरला हातही लावत नव्हती. खिडकीत जास्वंद असावी, एवढंच तिनं मागितलं होतं. तेवढंही या गृहस्थांना जमलं नव्हतं.

“लावून करता काय तुम्ही?”

“काय म्हणजे? रोज सकाळी काढून पाहतो, मुळं फुटली का. नाही फुटली की परत खोचतो. डायरीत लिहितो.”

अनसूयाबाई इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. “अरे देवा! तीस वर्षं फॅक्टरीत तोफगोळे तपासले, आता काडीचीही तपासणी? अहो भाऊजी, सावलीत ठेवा, पाणी घाला आणि महिनाभर हात लावू नका. तिचं ती करते.”

मुरलीधरराव हसले नाहीत. त्यांनी काडी घेतली.

“वहिनी,” ते म्हणाले, “जयाचंही मी असंच करून राहिलो. रोज सकाळी उभी करतो, पावलं मोजतो. चारची तीन झाली की टाकून बोलतो.”

बाईंचं हसू थांबलं. त्यांनी कात्री पदराला पुसली.

दुसऱ्या सकाळी जया सवयीनं ओठ आवळून उठून बसली. मुरलीधररावांनी वॉकर खाटेला टेकवला, चहा दिला आणि ते वळले.

“आज नाही का?”

“तुला वाटेल तेव्हा. मी पोहे करून राहिलो.”

त्या दिवशी काही झालं नाही. पुढच्याही नाही. त्यांचा जीव नुसता तळमळे; मग ते घासलेली भांडी परत घासत.

आठव्या दिवशी कांदा परतताना मागे फरशीवर काहीतरी घासलं. थांबलं. पुन्हा घासलं. मोजायचं नाही म्हणता म्हणता ते पाचापर्यंत आले आणि पुढे आकडाच सुचेना. मान वळवायची नाही म्हणून त्यांनी झारा घट्ट धरला. कढई धूसर दिसायला लागली.

“फोडणीत गोडनिंबाचा पाला घातला नाही तुम्ही,” स्वयंपाकघराच्या दारातून जया म्हणाली.