बावडीतला दगड आणि मी

मित्रांनो, मी कोण हे मला पाहून तुम्हांला ओळखता येणार नाही. जाड पारदर्शक प्लास्टिकची, दोन कड्यांनी बंद होणारी मी एक जुनी पेटी आहे. माझ्या पोटात एक छोटा कॅमेरा बसत असे. त्याला पाण्याखाली नेणे आणि कोरडा परत आणणे, एवढ्यासाठीच माझा जन्म होता. ते काम मी आयुष्यात एकदाच केले आणि तेही मला जमले नाही. अशा पेटीने आपली हकिकत सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. सांगण्यासारखे माझ्याजवळ फार नाही. पण जे आहे ते आता दुसऱ्या कोणाजवळच उरलेले नाही, म्हणून सांगते.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला खोल टाकीत बुडवून पाहिले गेले, आत थेंबही आला नाही, तेव्हा माझ्यावर शिक्का बसला. माझ्या झाकणाच्या कडेने एक बारीक खाच आहे आणि त्या खाचेत रबराचे काळे कडे बसते. माझी सगळी ताकद त्या कड्यात. झाकण लागले की ते दाबले जाते आणि पाण्याला वाट राहत नाही. समुद्र पाहायला मिळेल असे मला वाटत होते. मी आले हैदराबादला, जिथून समुद्र दीडशे मैलांच्या आत कुठेही नाही.

ते साल पंचाण्णव. परदेशी माल तोवर दुकानदार टेबलाखालून काढून दाखवत. आता तो काचेच्या कपाटात राजरोस मांडला जाऊ लागला होता. आबिडसच्या एका गल्लीत सत्तारभाईंचे दुकान होते. तिथे मी सात-आठ महिने धूळ खात बसले. लोक येत, मला पाहत, 'ये टिफिन है क्या?' असे विचारत आणि हसत निघून जात.

मग एक दिवस एकनाथराव आले. जामबागेतल्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, सडपातळ, खाली पाहून बोलणारे गृहस्थ. त्यांच्या हातात एक वही होती. महिनाभर वाचनालयात बसून त्यांनी पाण्याखालच्या छायाचित्रणाबद्दल सापडेल ते वाचून उतरवून घेतले होते.

"मास्टरसाब, हुसेनसागर में डुबकी मारना है क्या?" सत्तारभाईंनी विचारले.

"नहीं. बावडी में."

"बावडी में क्या है जी?"

"पत्थर है. उस पर लिखा हुआ है."

"पढने कू पानी में जाते?" सत्तारभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "ऐसा गिराक पहली बार देख रा मैं."

एकनाथराव कसनुसे हसले. पण गोष्ट खरी होती. हिमायतनगरात त्यांच्या घरामागे एक जुनी पायऱ्यांची बावडी होती. बहात्तरच्या दुष्काळात ती तळापर्यंत आटली, तेव्हा आतल्या भिंतीत त्यांना एक कोरीव दगड दिसला होता. ही बावडी कोणा बाईने बांधली, एवढे त्यांनी वाचले. तिचे नाव आणि शक मात्र नीट लागेना. चुकीचे उतरवण्यापेक्षा आधी पुस्तकात जुनी वळणे पाहून घ्यावीत, म्हणून ते घरी परतले. पुस्तके सापडून मन निश्चिंत होईपर्यंत बावडी पुन्हा भरली आणि त्यानंतर ती कधीच आटली नाही.

आता ती जागा एका बिल्डरने घेतली होती. बागा जाऊन फ्लॅट उभे राहण्याचे ते दिवस होते. कोजागिरी झाली की बावडी बुजवायची, असे ठरले होते. जुन्या वास्तूंच्या सरकारी कचेरीत एकनाथरावांनी अर्ज दिला. साहेबांनी तो शांतपणे वाचला आणि सांगितले की दगडाचा फोटो आणा, काम थांबवतो. नुसत्या आठवणीवर काम थांबत नाही. सुनावणीची तारीख मिळाली ती दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाची.

सत्तारभाईंनी पुढे दोन वस्तू ठेवल्या. एक जाड प्लास्टिकची थैली आणि दुसरी मी.

"थैली लेव साब. कोई भी कॅमेरा बैठता उस में. ये डब्बा लिये तो इसीच कॅमेरे के साथ चलता. कॅमेरा गया तो डब्बा बेकार. सोच लेव."

एकनाथरावांनी विचार केला. घरी जाऊन केला, दुसऱ्या दिवशी येऊन केला. थैलीला भिंगासमोर सुरकुती पडली तर अक्षर वाकडे दिसेल, हे त्यांच्या वहीत होते. त्यांनी मला आणि माझ्या मापाच्या त्या एकुलत्या कॅमेऱ्याला निवडले. मग माझ्या तोंडावर बसवायच्या भिंगाचा प्रश्न आला. एक भिंग जवळचे मोठे करून दाखवणारे होते आणि दुसरे रुंद, पुष्कळ जागा एका चौकटीत घेणारे.

"अक्षर देखना है तो बडा करने का लेव," सत्तारभाई म्हणाले. "इस में क्या सोचना?"

"पानी गदला है," एकनाथराव हळूच म्हणाले. "हातभर के आगे दिखता नहीं. तो एकदम पास जाना पडेगा. पास जाकर पूरा पत्थर आना चाहिए. इसलिए रुंद... चौडा वाला."

"पक्का?"

"मालूम नहीं," ते म्हणाले. "पण चौडा वालाच दीजिए."

मित्रांनो, त्यांचे बरोबर होते. त्यांनी केलेली प्रत्येक निवड बरोबर होती. हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि मला सांगता येत नव्हते.

घरी त्यांनी माझी परीक्षा घेतली. पोटात टिपकागद ठेवून मला बादलीत बुडवले आणि वर वरवंटा ठेवला. तासाभराने टिपकागद कोरडा निघाला. त्यांचे समाधान झाले नाही. असे तीन वेळा झाले.

"आज आंघोळीला बादली मिळणार आहे का," मंगलाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारले, "की पेटीचीच चालू आहे अजून?"

"झालंच. एकदाच बघतो."

"एकदाच म्हणून सकाळपासून तिसरी वेळ. लग्नाआधी मला बघायलाही तीनदा आला होतात तुम्ही."

एकनाथराव गालात हसले. त्या घरात मी पाहिलेले तेवढेच हसू.

दसऱ्याला मंगलाबाईंनी पाट मांडला. विळी, कात्री, शिलाई मशीनची फिरकी, एकनाथरावांचे पेन, दोन जाड ग्रंथ आणि मी. मला फार संकोच वाटला. कोणी माझी पूजा करावी असे मी काहीच केले नव्हते.

"पेटी उघडा की," मंगलाबाई म्हणाल्या. "आतल्याला नको का कुंकू? काम तर तोच करणार आहे."

"अगं, पण ते..."

"काय?"

"काही नाही," एकनाथराव म्हणाले.

त्या नऊ दिवस उपाशी होत्या. त्या दगडावरच्या बाईसाठीच आपले उपास आहेत, असे त्यांनी आदल्या रात्री एकनाथरावांना सांगितले होते. तेवीस वर्षे नवऱ्याने तो दगड पाहिल्याचे सांगावे आणि ऐकणाऱ्याने मान हलवून विषय बदलावा, हे त्यांनी पाहिले होते. त्यांना नाही म्हणणे एकनाथरावांना जमले नाही. त्यांनी माझ्या कड्या काढल्या. कुंकू लागले, अक्षता पडल्या, झेंडूचे फूल आले. शेवटी मंगलाबाईंनी कॅमेऱ्याला कापसाचे वस्त्र वाहिले, कुंकवाची बोटे लावलेले, लांब, हाताने वळलेले.

संध्याकाळी एकनाथरावांनी सगळे उतरवले. मऊ फडक्याने मला आतून बाहेरून पुसले. रबराचे कडे पुसले. कॅमेऱ्यात नवी फिल्म घातली, तो माझ्या पोटात ठेवला आणि झाकण लावले. त्या झाकणाखाली, कडे आणि खाच यांच्यामध्ये, कापसाचा एक तंतू आडवा राहिला होता. केसाएवढा. मला तो टोचत होता. पेटीला ओरडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बाराला सगळे बावडीवर गेले. ऊन तेव्हाच सरळ आत उतरत असे. खाली उतरणार होता विजय, एकनाथरावांचा भाचा, सिकंदराबादला रेल्वेत नोकरीला आणि रेल्वेच्या संघातून पोहणारा. कमरेला दोर बांधून तो पायरीवर उभा राहिला.

"द्या मामा. दोनची ड्यूटी आहे माझी."

एकनाथरावांनी मला दोन्ही हातांत धरले होते. ते सोडेनात.

"विजय, काल उघडली होती रे ही. एकदा बादलीत घालून..."

"मामा, तीनदा झालंय म्हणालात ना? परवा दिवशी सुनावणी तुमची. ऊन बघा कुठं चाललंय."

"तासच लागतो."

"तासाभरात अंधार होईल आत. आणि ऑफिसात माझा साहेब मेमो घेऊन बसलाय आधीच."

"जाणाऱ्याला थांबवू नका," मंगलाबाई म्हणाल्या. "पूजा झाली आहे तिची. काही होत नाही."

एकनाथरावांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा उन्हाकडे.

"हो," ते म्हणाले. "तेही खरंच." आणि त्यांनी मला सोडले.

आयुष्यभर त्या माणसाने सगळ्यावर शंका घेतली. स्वतःच्या वाचण्यावर, लिहिण्यावर, दारात आलेल्या पाहुण्याला चहा विचारण्यावरसुद्धा. त्यांच्या बहुतेक शंका खोट्या निघत. ही एक खरी होती आणि तिच्यासाठी त्यांना कोणाला थांबवायला संकोच वाटला.

पाणी हिरवे होते. पायऱ्या मोजत विजय खाली गेला. सातव्या पायरीच्या खाली भिंतीत तो दगड होता. विजयने तळव्याने शेवाळ पुसले. वरून येणारे ऊन नेमके त्यावर पडले आणि माझ्या रुंद भिंगातून तो सबंध दगड दिसला, चारी कोपऱ्यांसह, पाच ओळी, प्रत्येक अक्षराची कड धारदार. विजय बटण दाबत गेला. पहिल्या दाबालाच मला आत गार वाटले. तंतूवरून एक थेंब आत आला होता. मग त्याच्या मागून दुसरा. काच धुरकटली. मग कॅमेऱ्याचे यंत्र कण्हले आणि फिल्म पुढे सरकवणे त्याने सोडून दिले. विजयला ते कळले नाही. तो दम टिकेपर्यंत बटण दाबत राहिला.

"सहा काढले, मामा," वर येताच तो म्हणाला. "अक्षरं आहेत. नक्की आहेत. जुनी वळणं, मला काही लागली नाहीत. पण आहेत."

एकनाथरावांनी मला उन्हात धरले. माझ्या पोटात अर्ध्यापर्यंत पाणी डुचमळत होते आणि त्यात कॅमेरा बुडाला होता.

मंगलाबाई म्हणाल्या, "असू दे, उद्या पुन्हा काढू."

एकनाथराव पायरीवर बसले. पाठ वळवून त्यांनी मला उघडले, पाणी ओतले आणि रबराचे कडे नखाने उचलले. तो तंतू त्यांना सापडला. त्याला कुंकवाचा लाल डाग होता. तो कुठून आला हे त्यांना विचारावे लागले नाही. बराच वेळ त्यांनी तो बोटांत धरला, मग सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"काय झालं होतं?" मंगलाबाईंनी विचारले.

"पेटीच कच्ची निघाली," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बावडीच्या फाटकाला कुलूप होते. फोटो काढायला माणसे आल्याचे राखणदाराने मालकाला कळवले होते. एकनाथराव आबिडसला गेले. सत्तारभाईंनी हळहळून मान हलवली. थैली विकली गेली होती आणि माझ्या मापाचा दुसरा कॅमेरा त्यांच्याकडे आला नव्हता. असता तरी कुलपाआड जाणार कोण? भिजलेली फिल्म स्टुडिओवाल्याने लगेच धुऊन दिली. पहिली सोडून बाकीच्या चौकटी नुसत्या लाल-तपकिरी डागांच्या निघाल्या. पहिल्या चौकटीत, वरच्या कोपऱ्यात, फक्त 'श्री' वाचता येत होते.

तो फोटो घेऊन ते सुनावणीला गेले. साहेबांनी तो उजेडात धरून नीट पाहिला.

"मास्टरसाब, श्री तो हर पत्थर पे रहता," ते हळू आवाजात म्हणाले. "कौन बनाया, कब बनाया, वो दिखाव. मैं क्या लिखूं?"

"एक बाईने बांधली," एकनाथराव मराठीतच म्हणाले. "मी वाचलं होतं."

"नाम?"

एकनाथरावांना नाव सांगता आले नाही.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून ट्रक येऊ लागले. अकरा दिवस घरात मुरूम पडल्याचा आवाज येत होता. एकनाथराव खिडकी लावून वाचत बसत. पान उलटत नसे. नंतर त्यांनी त्या दगडाबद्दल कोणाला सांगणे सोडले. विचारणारेही कोणी नव्हते.

पुढच्या दसऱ्याला मंगलाबाई पाट मांडताना म्हणाल्या, "ती दळभद्री पेटी नको इथं. परदेशी म्हणे." एकनाथराव पेन पुसत होते, पुसत राहिले. दर वर्षी त्या हेच म्हणत आणि दर वर्षी ते गप्प राहत. चार वर्षांनी ते गेले. मंगलाबाई त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या, मला दोष देतच गेल्या. मला त्याचे वाईट वाटले नाही. नऊ दिवसांचे उपास आणि तो तंतू यांची गाठ त्यांनी कधी घालू नये, यासाठी एकनाथराव एकच खोटे बोलले होते. ते पेलण्याइतकी तरी मी पक्की होते. आता दोघेही नाहीत, म्हणून हे सांगितले.

सध्या मी विजयच्या माळ्यावर असते. रबराचे कडे सुकून तडकले आहे. रुंद भिंग कुठे हरवले, मला ठाऊक नाही. बावडीच्या जागी आता गाड्या उभ्या राहतात.

मित्रांनो, उपदेश करण्याचा मला अधिकार नाही, पण एवढे ऐका. झाकण लावण्याआधी खाचेवरून एकदा बोट फिरवा. मनात शंका आली आणि समोरचा माणूस कितीही घाईत असला, तरी त्याला थांबवा. त्याला राग येईल, येऊ द्या. आणि जे वाचाल ते चुकेल म्हणून उद्यावर ठेवू नका, चुकीचे का होईना, त्याच दिवशी लिहून ठेवा. त्या बाईचे नाव शेवटी माझ्यासमोर होते, हातभर अंतरावर, उन्हात, स्पष्ट. मी ते सबंध पाहिले. मला वाचता येत नव्हते.