राखीचं चालून दाखवणं

दिघोरीच्या सेवकरामाकडे पाहुणा आला की चहाआधी करमणूक मिळे.

"राखे, चालून दाखव बरं!"

आठ वर्षांची राखी अंगणात फेरी मारी. उजवं पाऊल थपकन आपटे, चप्पल मागेच राही आणि पाहुणे पोट धरून हसत.

"मंडईतलं नाटक पाहून आली, तवापासून लंगड्याचं सोंग घेऊन राहिली," सेवकराम कौतुकाने सांगे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, रात्रभर नाटकं रंगतात; लेकरू नक्कल करू लागलं की बाप स्वतः नट झाल्यासारखा फुगतो! पोरगी सुरुवातीला म्हणालीही होती, "बाबा, पायाले मुंग्या येतेत." तोही नाटकातला संवाद समजून बापाने टाळी दिली होती.

धानाची मळणी आटोपल्यावर सेवकरामाची मोठी बहीण रत्नाबाई लाखनीहून आली. फेरी झाली. ती हसली नाही.

"काहून बाई, आवडलं नाही का तुले?"

"सकाळी पोरगी एकटीच बोडीच्या पाण्याकडे जात होती. मी मागून पाहून राहिली होती. तवाबी तशीच चालत होती. तिथं कोणाले दाखवत होती रे? बगळ्यायले?"

सेवकरामाचं हसू मिशीतच अडकलं.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी राखीला चालायला सांगितलं. तिने सवयीप्रमाणे झोकात फेरी मारली आणि बापाच्या कानाशी येऊन विचारलं, "बाबा, डाक्टर हासले काहून नाही? माहं चुकलं का?"

अरेरे! बापाला तोंड लपवायला दुपट्टाही सापडेना.

डॉक्टरांनी तिच्या गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला बोट ठेवलं. "गाठ साधी आहे, पाण्यासारखी. पण पाऊल उचलणारी नस तिने दाबली आहे. काढावी लागेल. आधी आणायला हवं होतं. कधीपासून चालते अशी?"

"मंडईपासून," सेवकराम खाली मान घालून म्हणाला. त्यालाच काय, साऱ्या गावाला ठाऊक होतं.

गाठ निघाली. पाऊल अजून पुरतं उचलत नाही. राखी पट्टा बांधून चालते. परवा शेजारचा सोमाजी आला आणि सवयीने म्हणाला, "राखे, चालून दाखव!"

राखी उठली. सेवकरामाने तिला हाताने बसवलं.

"बस माय. ज्यानं पाहाले पायजे होतं, त्यानंच पाहिलं नाही. आता कोणाले दाखवू नोको."

आणि चहा आणायला तो स्वतः उठला.

मंडळी, लेकराने पाय दाखवला तर आधी पाय पाहावा. सोंग की दुखणं, हे डॉक्टर ठरवतील. टाळ्या वाजवायला मंडई दरसाल येतेच!