पोट सुटलेली भिंत

एवेलियो ताबारेस उभ्या आयुष्यात एकाही कोनवितेला गेले नव्हते. ही गोष्ट फक्त आपल्यालाच ठाऊक आहे असं त्यांना वाटे. वस्तीला मात्र ती तोंडपाठ होती.

कोलंबियातल्या मेदेयीन शहराच्या त्या चढावर पायऱ्या, शाळेचं छप्पर, अर्धीअधिक घरं कोनवितेतूनच उभी राहिलेली. ज्याच्याकडे काम, त्याच्याकडे रविवारी सगळ्यांनी घमेली-फावडी घेऊन जायचं. घरधन्याने मोठ्या पातेल्यात सांकोचोचा रस्सा शिजवायचा, मांस कमी पडलं तर कंद वाढवायचे. पुढच्या रविवारी दुसऱ्याचं घर. एवेलियो तीस वर्षं रविवारीही बस चालवत. निदान सांगत तरी तसंच.

ते निवृत्त झाले आणि परसातली माती घसरायला लागली. त्यांच्या बायकोचा, नोएमीबाईंचा, तिथे पातीचा कांदा, कोथिंबीर आणि दोन केळी.

"अजून एक पावसाळा, की माझी केळ खाली आर्नुल्फो मिस्त्रींच्या अंगणात घड देईल," नोएमीबाई म्हणाल्या. "बोलवा कोनविते."

"कमरेएवढी तर भिंत. लोकांना कशाला त्रास? मीच बांधतो."

हा त्रास कुणाचा, ते नोएमीबाई ओळखून होत्या. बोलावलं आणि कुणी आलंच नाही तर? पातेलंभर सांकोचो पुढ्यात घेऊन दोघंच बसलेत आणि गल्ली खिडक्यांतून बघतेय! त्या एका धास्तीपायी हा माणूस सदुसष्टाव्या वर्षी विटा उचलायला निघाला होता.

भिंत तीन आठवडे चालली. खालच्या अंगणात झोळीत पडून आर्नुल्फो मिस्त्री देखरेख करत. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. त्याला दुसऱ्याचं काम बघण्याइतकी करमणूक नाही.

"सरळ आहे हो, शेजारी. तुमच्या बसपेक्षा सरळ. खाली पाण्याला नळ्या ठेवल्यात ना?"

"माझी भिंत गळायची नाही, मिस्त्री."

"गळू नये ते छपरानं. भिंतीचं तसं नसतं."

एवेलियोंना ही थट्टा वाटली. त्यांनी उरलेला एकूण एक सांधा अंगठ्याने दाबून बुजवला.

ऑक्टोबरात सलग चार दिवस पाऊस लागला. पाचव्या सकाळी एवेलियोंनी ओळंबा सोडला, तर भिंतीच्या मधल्या विटांनी तो बाहेर ढकलला.

"पोट सुटलंय हिला," नोएमीबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखंच."

त्या पोटाच्या बरोबर खाली मिस्त्रींचं खुराडं होतं. एवेलियो टोपी हातात घेऊन पायऱ्या उतरले. मिस्त्री गुळाचं गरम पाणी पीत बसले होते.

"मिस्त्री, कोंबड्या हलवा."

"त्या सोमवारीच हलवल्या. मागे पाणी तुंबलंय, शेजारी. भोकं पाडून ते काढू, पण फुगलेला भाग उतरवायचा, माती उपसायची, खडी भरायची. दोघा म्हाताऱ्यांचं काम नाही ते."

एवेलियोंनी टोपी दोनदा फिरवली. "बोलावलं तर येईल कोण?" आजवर हे त्यांनी मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं.

मिस्त्रींनी पेला संपवला. "ते मी कसं सांगू? सांकोचोत कोंबडी घाला. म्हणजे निदान मी येईन."

शनिवारी संध्याकाळी एवेलियो कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि काउंटरकडे बघूनच म्हणाले, "उद्या सात वाजता. माझ्याकडे. भिंत आहे."

मग कुणीतरी सहा अंडी मागितली.

रविवारी सात वाजले. कुणी नाही. सव्वासात झाले. नोएमीबाईंनी चुलीकडे तोंड करून आणखी एक कंद सोलला, गरज नसताना. एवेलियो दाराशी उभे राहून फावडं पुसत होते. स्वच्छ फावडं.

साडेसातला मिस्त्री आले आणि त्यांच्या मागून दहा जण. प्रेमापोटी आले म्हणावं तर तसं नव्हतं. पोट बघायचं होतं सगळ्यांना. त्यांतल्या लुदिव्हियाबाईंनी तर भिंतीवरून अलगद हात फिरवला. "कितवा लागलाय, शेजारी?"

मिस्त्रींनी तळाशी छिन्नी घातली तशी लाल पाण्याची पिचकारी थेट त्यांच्या विजारीवर उडाली. पुढे दुपारपर्यंत चेष्टेला तेवढंच पुरलं. फुगलेल्या विटा उतरल्या, मागे खडी गेली, तळाशी चार नळ्या बसल्या. दोनच्या सुमाराला भिंत सरळ उभी होती आणि चारी नळ्यांतून टपटपत होती.

वाडगे हातात आल्यावर लुदिव्हियाबाई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी माझं छप्पर हं."

"त्याच्या पुढचा माझा," मिस्त्री म्हणाले. "खुराडं. विटा उतरवताना तुम्हीच मोडलंत ते."

"मोरी," तिसरा म्हणाला. चौथ्याच्या पायऱ्या होत्या.

"पण रविवारी मला—" एवेलियोंनी सवयीने सुरुवात केली. अकरा जणांचे चमचे थांबले. बस तर दुसऱ्याला देऊन झाली होती.

नोएमीबाईंनी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यावरून काढून आणलं, पेनसकट. एकेक जण आपला रविवार सांगत गेला, त्या लिहीत गेल्या. अकरावं नाव पुढच्या जानेवारीत गेलं, ते डिसेंबरच्या पानामागे लिहावं लागलं.

"मधे नाताळ येतो," एवेलियो म्हणाले.

"यंदा रविवारी नाही येत," नोएमीबाई म्हणाल्या.

एवेलियोंनी वाडगा पुढे केला. "मग वाढा अजून. आणि तंगडी बघून वाढा."